मांजराचे निरामिष व्रत

मांजर म्हटले की दूधभात, असे समीकरण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. आमचाही समज परवापरवापर्यंत तोच होता. मत्स्यमांस आमच्या स्वयंपाकघरात कधी शिजले नाही. तेव्हा पाच वर्षांपूर्वी भाईंदरच्या आमच्या बिऱ्हाडी आलेली मनी सहजच आमच्या पंक्तीला बसली. सकाळी दूध, दुपारी दूधभात, रात्री दुधात कुस्करलेली पोळी. हा रतीब आमच्या वडील भगिनी आक्का स्वहस्ते घालीत. स्वतःचा चहा एक वेळ राहील, पण मनीचे दूध चुकावयाचे नाही.

गेल्या श्रावणात मनीची रया गेली. केस राठ झाले, पोट वरचेवर बिघडू लागले, आणि तिन्हीसांजेला खिडकीवरची नेहमीची उडी ती चुकू लागली. सूनबाईंनी तिला पशुवैद्यांकडे नेले. आहाराची हकीकत ऐकून ते म्हणाले, "मास्तर, हिचे पोट भरते आहे, पण पोषण होत नाही."

हितोपदेशातील दीर्घकर्ण नावाचा बोका आपण निरामिष राहून चांद्रायण करतो, अशी थाप वृद्ध गिधाडास मारतो. ती कथा आम्ही वर्गात अनेक वेळा शिकविली. तेथे व्रताचे सोंग मांजराने केले होते. येथे ते व्रत आम्हीच मांजरावर लादले होते.

मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी होय. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्यास पुरेसे तयार करता येत नाही. ते मांसमत्स्यांत असते, धान्यभाज्यांत जवळ जवळ नसते. त्याच्या अभावी डोळ्याचा आतील पडदा झिजतो व हृदय दुबळे होते. हृदयविकाराचा हा संबंध 1987 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिला. शिवाय पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही. आणि गोडाची चव तर मार्जारजातीस कळतच नाही, हे 2005 साली सिद्ध झाले आहे.

पशुवैद्यांनी मांजरांसाठी बनविलेले कोरडे खाद्य सुचविले. मनीने ते हुंगले आणि पाठ फिरविली. "भुकेला कोंडा" ही म्हण स्मरून आम्ही दूध बंद करविले व भूक लागली की खाईल, असा निर्णय दिला. दोन दिवस तिने अन्नास तोंड लावले नाही. दुसऱ्या मध्यरात्री आक्कांनी, आम्हास न विचारता, तिला दूधभात घातला. सकाळी पशुवैद्यांकडून कळले की आक्कांचेच बरोबर होते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातील चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकते. स्थूल मांजरास हा धोका अधिक. आमची म्हण माणसांपुरती खरी!

पुढचा क्रम वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. तीन भाग जुने अन्न व एक भाग नवे, येथून आरंभ करावा व दर दोन-तीन दिवसांनी नव्याचे प्रमाण वाढवावे. सामान्यतः आठ-दहा दिवस पुरतात; आमच्या हट्टी मनीला पाच आठवडे लागले. खाद्य कोमट पाण्यात भिजवावे, कारण मांजर अन्नाची पारख वासाने करते. वेळा ठराविक असाव्यात, आणि अर्ध्या तासात न खाल्लेले उचलावे.

तरीही मनी अडून बसली, तेव्हा उत्तन कामास आले. आमच्या महानगरपालिकेच्या पश्चिम टोकास असलेल्या या कोळीवाड्यात बोंबील वाळत घातलेले आपण पाहतोच. सूनबाईंनी कोळणीकडून थोडा सुका जवळा आणून त्याची पूड केली. डबा, वाटी, चमचा, सारे गॅलरीत निराळे ठेवले. आक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नाकाला पदर लावून त्यांनीच चिमूटभर पूड खाद्यावर भुरभुरली, आणि मनीने वाटी चाटून पुसून स्वच्छ केली. सुक्या मासळीत मीठ असू शकते, म्हणून ती चिमटीपलीकडे देऊ नये. कांदा-लसूण मांजरास विषारी, हेही ध्यानात असावे.

आता खर्च. चार किलो वजनाच्या मांजरास दिवसास सुमारे 60 ग्रॅम कोरडे खाद्य लागते. म्हणजे महिन्यास पावणेदोन किलोच्या आसपास. उलटपक्षी मनीपायी रोज अर्धा लिटर, म्हणजे महिन्यास 15 लिटर दूध लागत होते. तो खर्च वाचला, त्यातच हा भागला; पेन्शनीस तोशीस पडली नाही. महागडे नाव पाहू नये. पिशवीवर 'प्रौढ मांजरांसाठी संपूर्ण आहार' अशा अर्थाचा मजकूर आहे की नाही, एवढे पाहावे. मोठी पिशवी स्वस्त पडते, परंतु आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत महिन्याभरात संपेल इतकीच घ्यावी.

मनीचे केस पुन्हा मऊ झाले, पोट सुधारले. दृष्टीची झीज मात्र भरून येत नाही. म्हणून दिवेलागणीला आक्का खिडकीखाली एक पाट ठेवतात व तेथला दिवा लावतात. आम्ही त्यांना दोष देत नाही; दूध त्या घालीत होत्या, पण चार पुस्तके वाचून विचारपूस न करणारे आम्ही होतो. आश्रित जिवाला काय आवडते, याआधी त्याला काय लागते, हे विचारावे, इतकेच आमचे सांगणे आहे.