मुलाच्या वतीने किती दिवस बोलणार?

अध्ययन अक्षमता असलेलं मूल आळशी किंवा मंद असतं, हा जुना गैरसमज महाराष्ट्रात आता बराच मागे हटला आहे. १९९६ साली राज्य सरकारने या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या, २००७ सालचा ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट घरोघरी पाहिला गेला आणि २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली. पण या सगळ्या प्रगतीत एक गोष्ट राहून गेली. तपासणी, प्रमाणपत्र, लेखनिक, जादा वेळ हे सारं पालक, डॉक्टर आणि मुख्याध्यापक आपसांत बोलून ठरवतात. आपली अडचण नेमकी काय आहे, कोणत्या मदतीने ती कमी होते आणि ती मदत कशी मागायची, हे त्या मुलाला कुणी शिकवत नाही. स्वतःची बाजू मांडणं आणि स्वतःबद्दलच्या निर्णयात भाग घेणं ही कौशल्यं आहेत. वाचन-लेखनाच्या उपचारात्मक तासांइतकीच ती पद्धतशीरपणे शिकवायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. ती शिकवली जात नाहीत, कारण काही समजुती अजून आड येतात.

पहिली समजूत अशी, की मोठं झालं की मूल आपोआप बोलायला लागेल. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीचा २०११चा अहवाल याचं स्पष्ट उत्तर देतो. ज्यांना शाळेने दिव्यांग विद्यार्थी म्हणून नोंदवलं होतं, त्यांच्यापैकी पुढच्या शिक्षणाला गेलेल्या मुलांत फक्त २८ टक्के जणांनी ही गोष्ट नव्या संस्थेला कळवली. शाळेत ८७ टक्के मुलांना सवलती मिळत होत्या, पुढे ते प्रमाण १९ टक्क्यांवर आलं. या पाहणीत सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वाचे विद्यार्थी होते, हे खरं. पण सर्वांत मोठी फट कुठे पडली ते पाहा. तिथे शाळेत मुलाला शोधून मदत देण्याची जबाबदारी शाळेची असते, कॉलेजात मात्र विद्यार्थ्याला स्वतः पुढे यावं लागतं. आपल्याकडे दहावीनंतर हेच घडतं. शाळा बदलते, वर्गशिक्षिका बदलतात, कॉलेजच्या कार्यालयात कुणी ओळखीचं नसतं, आणि बारावीच्या परीक्षेसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. दहा वर्षं आईने बोलून मिळवलेली मदत सोळाव्या वर्षी मुलाने एकट्याने मागावी, अशी आपण अपेक्षा करतो आणि तोवर त्याला सरावाची एकही संधी दिलेली नसते.

नुसतं बैठकीत बसवल्यानेही हा सराव होत नाही. संशोधक जेम्स मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेतल्या १०९ बैठकांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा ठरवण्यासाठी या बैठका होत्या आणि विद्यार्थी स्वतः तिथे हजर होता. विशेष शिक्षक ५१ टक्के वेळ बोलले, विद्यार्थी ३ टक्के. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगात १३० विद्यार्थ्यांपैकी काहींना बैठक कशी सुरू करायची, आपली उद्दिष्टं कशी सांगायची, न कळलेलं कसं विचारायचं, हे आधी शिकवलं गेलं. ती मुलं बैठकीत अधिक बोलली, अधिक पुढाकार घेऊ लागली. फरक शिकवण्याने पडला होता.

दुसरी समजूत पालकांच्या मायेतून येते, म्हणून ती अधिक चिवट आहे. अडचणीचं नाव सांगितलं तर मुलाच्या मनावर शिक्का बसेल, असं त्यांना वाटतं. पण शिक्का आधीच बसलेला असतो. मोठ्याने वाचायला उभं केल्यावर वर्ग हसतो, वहीवर लाल रेघा येतात, आणि आठ वर्षांचं मूल स्वतःला ‘ढ’ ठरवून मोकळं होतं. नाव न सांगितल्याने त्याच्या हाती हे एकच स्पष्टीकरण उरतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रॉस्टिग सेंटरने अध्ययन अक्षमता असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचा २० वर्षं मागोवा घेतला. पुढे आयुष्य कोणाचं सुरळीत झालं याचा अंदाज बुद्ध्यांक किंवा शाळेतल्या गुणांपेक्षा स्वतःची जाण, पुढाकार, चिकाटी, ध्येय ठरवणं, आधार देणारी माणसं आणि भावनिक ताण पेलण्याचे मार्ग यांवरून अधिक चांगला बांधता आला. यातली स्वतःची जाण म्हणजे अडचण ही आपल्या ओळखीचा एक भाग आहे, आपण पूर्ण तेवढेच नाही, हे उमगणं. त्यासाठी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द एकटा पुरत नाही. ‘जोडाक्षरं वाचताना मी अडतो, पण धडा कुणी वाचून दाखवला की मला सगळा कळतो’ हे वाक्य पुरतं, कारण त्यात अडचण आहे, बळ आहे आणि उपायही आहे.

सवलत ही मेहरबानी आहे, ही तिसरी समजूत. शाळांमध्ये ती अजून उघड बोलून दाखवली जाते, आणि मुलं ती ऐकतात. २०१६च्या कायद्याचं कलम १७ वाचलं तर जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सरकार आणि स्थानिक संस्थांचं कर्तव्य म्हणून नोंदलेलं आहे. लेखनातल्या अडचणीमुळे लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये त्याहून पुढचं सांगितलं: ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही एवढ्या कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. जे हक्काचं आहे ते मागताना मूल ओशाळत असेल, तर त्याला हक्क शिकवला गेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. व्यवस्थेची जबाबदारी मुलाच्या गळ्यात घालण्याचा हा प्रकार नाही का? याच देशात सप्टेंबर २०२१च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला नियमाने मिळणारा जादा एक तास नाकारला गेला आणि तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. तिची चूक काहीही नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, तरी फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. परीक्षा केंद्रावरच्या लोकांना अशा सोयींचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, हेही बजावलं. म्हणजे आक्षेपात तथ्य आहे. बोलता येणारं मूलही नियम न जाणणाऱ्या केंद्रप्रमुखापुढे हरू शकतं. म्हणून परीक्षा केंद्र आणि शाळा यांचं उत्तरदायित्व रतीभरही कमी होता कामा नये. मात्र ही घटना मुलांना न शिकवण्याचं कारण ठरत नाही. नाकारलं गेलेलं आपलं हक्काचं होतं, हे ओळखता आलं तरच दाद मागता येते. ज्याला ते ठाऊकच नसतं त्याच्यावरच्या अन्यायाची कुठे नोंदही होत नाही.

साठ मुलांच्या वर्गात यासाठी वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण यासाठी वेगळा तास लागत नाही. तिसरीतल्या मुलीला ‘बाई, माझं लिहून होईपर्यंत फळा पुसू नका’ एवढं म्हणता यावं आणि ते उद्धटपणा समजलं जाऊ नये, ही सुरुवात आहे. सातवीत तिने घरी अभ्यासाच्या दोन पद्धती करून पाहाव्यात आणि कोणती चालली ते सांगावं. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी आठव्या वर्षानंतर दिलेल्या प्रमाणपत्राची तपासणी १४व्या आणि १८व्या वर्षी पुन्हा करायचं ठरवून दिलं होतं. चौदाव्या वर्षीचा अहवाल तिच्यासमोर, तिला समजेल अशा भाषेत वाचला गेला पाहिजे. त्यातल्या सवलतींपैकी कोणती हवी, कोणती नको, हे तिला विचारलं पाहिजे. तिने कधी लेखनिक नाकारून फक्त जादा वेळ घेतला आणि तो निर्णय फसला, तरी पूर्वपरीक्षेत फसणं बोर्डात फसण्याहून कितीतरी बरं. आणि स्वतः निर्णय घेणं म्हणजे सगळं एकट्याने करणं नव्हे. नेमकी मदत नेमक्या माणसाकडे मागणं हे याच कौशल्यात मोडतं.

पालकांनो, यंदा शाळेत सवलतींचा अर्ज भराल तेव्हा मुलाला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका. आत न्या, मुख्याध्यापकांसमोर बसवा, घरी तयारी करून घेतलेली दोन वाक्यं त्यालाच आधी बोलू द्या, आणि तो अडखळला तरी ती पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.