घोडीचे कुलूप

मी गवई नव्हे. कामगारांची संघटना बांधणारा माणूस. पण हत्याराची परीक्षा हा माझा विषय आहे.

मिरजेचा तंबोरा आपण पाहिला आहे. तार खुंटीने ताणतात आणि उरलेला बारीक फरक घोडीमागचा मणी सरकवून काढतात. विजेच्या गिटारीचा प्रश्न याच जातीचा. फक्त तिथे घोडीच हलती असते.

१९५४ साली फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीला अशी घोडी आली. दांडा दाबला की तारा सैल होऊन सूर उतरतो; सोडला की पाठीमागच्या स्प्रिंगा घोडी जागेवर आणतात. पण तारा खुंटीपाशी सरकतात आणि गिटार बेसूर होते.

फ्लॉइड रोज यांनी तार दोन्ही टोकांना आवळून टाकली. १९७९ साली त्यांना पेटंट मिळाले. आवळल्यावर खुंटीचा उपयोग उरत नाही, म्हणून पुढे घोडीवरच बारीक पेच आले. आपल्या मण्याचेच हे काम! काहलरच्या रचनेत सबंध घोडी झुकत नाही. तारा छोट्या चाकांवरून जाऊन फिरत्या तुकड्याला अडकतात.

मात्र एक तार तुटली, की स्प्रिंगांचा जोर वरचढ होऊन उरलेल्या पाचही तारा चढतात. वाजवून पोट भरणाऱ्याला ऐन कार्यक्रमात हे कसे परवडावे? रोज पद्धतीची घोडी असेल, तर पाठीच्या पोकळीत लाकडी ठोकळा बसवून स्प्रिंगा थोड्या आवळाव्यात. मग सूर फक्त उतरवता येतो. पण तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात.

हत्यार घेताना ते काय करते एवढेच पाहू नये. बिघडले तर काय होईल, हेही पाहावे.