सिंहाच्या देशी, सूर्यास्ताच्या आत

खडकी बाजारात तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यापार करणाऱ्या एका ओसवाल कुटुंबाने उन्हाळी सुटीत दक्षिण आफ्रिकेला जाण्याचे ठरविले, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती विमानभाड्याची. व्यापारी घरात हे स्वाभाविकच होय. मुंबईहून जोहान्सबर्गला जाणाऱ्या मार्गांपैकी आदिस अबाबामार्गे जाणारे तिकीट त्यांना सर्वांत स्वस्त मिळाले आणि सात जणांचे आरक्षण त्याच रात्री झाले. सात जणांत एकाहत्तर वर्षांच्या आजी होत्या. त्यांचा चोविहाराचा नियम गेली चाळीस वर्षे अखंड चालू आहे. नातवाने सिंह दाखविण्याचे वचन दिले होते, म्हणूनच त्या निघावयास तयार झाल्या होत्या.

आठवड्याने परिचयाच्या एका डॉक्टरांनी सहज विचारले, “पीतज्वराची लस घेतली का?” तेथून साऱ्या बेताचा पाया हलला.

पीतज्वर, ज्याला सर्वजण यलो फीवर म्हणतात, तो दक्षिण आफ्रिकेत नाही. परंतु इथिओपिया, केनिया, युगांडा हे देश त्याच्या क्षेत्रात मोडतात. अशा देशांतून किंवा त्या मार्गे भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. वाटेत केवळ विमानतळावरच थांबलेल्या प्रवाशाला सवलत देण्याची तरतूद आहे. मात्र ती आरोग्य अधिकाऱ्याचे समाधान झाले तरच मिळते. दक्षिण आफ्रिकेचा नियमही असाच आहे. पीतज्वराच्या देशातील विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबल्यास प्रमाणपत्र मागितले जाते. कागदावर तीन तासांचा असलेला थांबा पुढील विमान चुकले की पंधरा तासांचा होतो, हे ज्याने प्रवास केला आहे तो जाणतो.

मग लस घेऊनच का जाऊ नये? निरोगी तरुणाने अवश्य घ्यावी. ती शासनमान्य केंद्रातच मिळते, टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आजन्म चालते. परंतु आपल्या घरांनी दोन गोष्टी आधी जाणून घ्याव्यात. ही लस कोंबडीच्या गर्भधारी अंड्यांत तयार केली जाते. दुसरे असे की, साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यास गंभीर दुष्परिणामांचा धोका अधिक असतो, म्हणून डॉक्टर वृद्धांना ती देताना फार विचार करतात. पहिली गोष्ट ऐकून आजींनी मान हलविली. दुसरी ऐकून मुलाने तिकिटे रद्द करण्याचा निर्णय घेतला. आजींना घरी ठेवून बाकीच्यांनी जावे, असाही एक विचार घरात निघाला होता. तो नातवाने मोडून काढला. दुबईमार्गे नवी तिकिटे निघाली आणि जुन्या तिकिटांचे बरेच पैसे बुडाले. दुबई, दोहा किंवा मॉरिशसमार्गे गेल्यास हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. मार्ग आधी आणि भाडे नंतर, एवढा क्रम त्या घराने पाळला असता तर तो खर्च वाचला असता.

आता काळाविषयी. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. मे अखेरीस आपल्याकडे उकाडा असताना तेथे हिवाळा सुरू होतो. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात हा कोरडा काळ असतो. गवत खाली बसते, प्राणी पाणवठ्यांवर येतात आणि सहज दिसतात. डास कमी होतात, त्यामुळे हिवतापाचे भयही कमी होते; पण ते नाहीसे होत नाही, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा. पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावण्याचे मलम आणि मच्छरदाणी ही साधने डासांना न मारता दूर ठेवणारी असल्याने आपल्याला सोयीचीच आहेत. हिवतापाचा धोका मुळीच नको असेल, तर जोहान्सबर्गहून काही तासांच्या अंतरावरील पिलान्सबर्गला जावे. तेथे हिवताप नाही. केप टाउनला मात्र हेच महिने पावसाचे असतात. शाळा उघडण्यापूर्वी आणि चातुर्मास लागण्यापूर्वी परतावयाचे असेल, तर मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा हा काळ उत्तम. त्या दिवसांत पहाटे थंडी कडक असते, तेव्हा स्वेटर घेतल्यावाचून जाऊ नये.

याच हिवाळ्यामुळे दिवस लहान होतो आणि चोविहार पाळणाऱ्यांची खरी अडचण तेथे आहे. जूनच्या आरंभी पुण्यात सूर्यास्त सायंकाळी सात वाजून गेल्यावर होतो. क्रूगरमध्ये तो पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो, जोहान्सबर्गला त्याहून दहा-बारा मिनिटे उशिरा. खासगी लॉजमधील सफारी दुपारी साडेतीन-चारला निघते आणि अंधार पडल्यावर परतते. त्यानंतर शेकोटीभोवती भोजन होते. त्या शेकोटीवर बहुधा मांस भाजले जाते. स्थानिक लोक त्यास ‘ब्राय’ म्हणतात आणि पाहुण्यांचा तो मोठा मान समजतात. चोविहार पाळणाऱ्यास त्या भोजनाचा उपयोग नाही आणि तो वास सोसण्याचेही कारण नाही.

सकाळचे गणितही पाहून घ्यावे. तेथे सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो, म्हणजे नवकारसी सात वाजून वीस मिनिटांनंतर. पहाटेची सफारी त्यापूर्वीच निघालेली असते आणि वाटेत कॉफी व बिस्किटे दिली जातात. ज्यांचा नियम आहे त्यांनी डबा बरोबर ठेवावा व वेळ झाल्यावर खावे.

या कुटुंबाने लॉज टाळून उद्यानाच्या आतील सरकारी विश्रामतळ निवडला, हा त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. या तळांवर स्वयंपाकाची सोय असलेली छोटी घरे मिळतात. योगायोग असा की, त्यांना मिळालेल्या तळाचे नाव ‘सातारा’! आपल्या साताऱ्याशी त्याचा संबंध नाही. जमिनीची मोजणी चालू असताना एका भारतीय मदतनिसाने सतराव्या तुकड्यासाठी ‘सत्रह’ हा शब्द वापरला आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. हा भाग सिंहांसाठी प्रसिद्ध आहे.

मे ते जुलै या काळात उद्यानाची दारे सकाळी सहाला उघडतात आणि सायंकाळी साडेपाचला बंद होतात. त्यापूर्वी आपल्या तळावर परतणे बंधनकारक असते. हा नियम प्राण्यांच्या रक्षणासाठी केलेला असला, तरी चोविहाराला तो पोषक ठरतो. दिवसभर मोटारीतून हिंडावे, सव्वाचारला परतावे, पावणेपाचपर्यंत जेवण आटोपावे. तेथे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना चालतो. मात्र नवख्याने माहीतगार चालक घ्यावा. नेमून दिलेल्या जागांखेरीज मोटारीतून उतरणे हा गुन्हा आहे. त्यात जिवाचाही धोका आहे.

त्या घरांतील भांडी आधीच्या पाहुण्यांनी कशासाठी वापरली असतील हे सांगता येत नाही, म्हणून कुकर, तवा, ताटे आपली न्यावीत. सामानाचे वजन वाढते, पण इलाज नाही. खाकरे, मेथीचे ठेपले, कोरडा फराळ बरोबर ठेवावा. दूध-तुपाचे पदार्थ, बी-बियाणे, कच्ची कडधान्ये, ताजी फळे व मध यांवर निर्बंध असतात. जे नेले असेल ते विचारल्यावर स्पष्ट सांगावे, लपवू नये. तांदूळ, डाळ, पीठ जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातील भारतीय दुकानांत घ्यावे. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी किटली न्यावी. आपल्या गिझरला असते ती मोठी, तीन गोल टोकांची पिन तेथील बऱ्याच सॉकेटांत थेट बसते. लहान पिनेसाठी अडॅप्टर लागतो.

हॉटेलात केवळ ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. मासे चालतील ना, असे निष्पापपणे विचारणारे वाढपी भेटतात. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, कांदा, लसूण, बटाटा नाही, असे इंग्रजीत छापून घेतलेले कार्ड प्रत्येकाच्या खिशात असावे. रंगीत मऊ गोळ्यांत जिलेटिन असते. ‘बिलटाँग’ नावाच्या पुड्या मुलांना वेफर्ससारख्या वाटतील, पण ते वाळविलेले मांस असते. विमानात ‘जैन मील’ किमान दोन दिवस आधी नोंदवावे. त्याऐवजी चुकून ‘हिंदू मील’ नोंदविले गेल्यास ताटात मांसाहारी पदार्थ येऊ शकतात. ही चूक फार जण करतात.

आणखी एक गोष्ट पर्यटन कंपन्या स्वतःहून सांगत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत काही ठिकाणी सिंहाचे छावे हातात घेऊन छायाचित्र काढू देतात. मुलांना ते फार आवडते. परंतु बंदिस्त जागी वाढविलेल्या अशा सिंहांपैकी अनेकांचा शेवट पैसे देऊन शिकार करणाऱ्यांच्या गोळीने होतो. तेथील शासनाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हा धंदा बंद करण्याची शिफारस केली आहे. अशा ठिकाणाचे तिकीट आपण का काढावे? मुक्काम ठरविण्यापूर्वी त्या मालकाच्या जागेत शिकारीची परवानगी दिली जाते का, हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

कागदपत्रांची तयारी दोन महिने आधी सुरू करावी. व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. पारपत्रात किमान दोन कोरी पाने हवीत. लहान मुलांसाठी आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला लागतो आणि एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्रही लागते. खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे ज्यांच्या जन्माची नोंद आहे, त्यांनी दाखल्यात मुलाचे नाव घातलेले आहे ना, हे पाहून घ्यावे. बारशापूर्वी झालेल्या नोंदीत ती जागा कोरी राहिलेली असते.

चलन रँड. परकीय चलनाच्या रोख नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरच्या मर्यादेतच नेता येतात. उरलेल्यासाठी कार्ड वापरावे आणि त्यावरील परदेशी व्यवहारांची सोय निघण्यापूर्वी चालू करून घ्यावी. एटीएमपाशी मदतीला धावून येणाऱ्या अनोळखी माणसाची मदत घेऊ नये. जोहान्सबर्ग हे जपून राहण्याचे शहर आहे. अंधारानंतर पायी हिंडू नये, विमानतळावरून हॉटेलचीच गाडी घ्यावी. दागिने खडकीतच ठेवावेत. जे नेणारच असाल त्यांचे प्रमाणपत्र निघताना भारतीय सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून घ्यावे, म्हणजे परतताना वाद होत नाही. खरेदीवर तेथे १५ टक्के व्हॅट असतो आणि २५० रँडहून अधिक किमतीच्या वस्तू बाहेर नेताना तो विमानतळावर परत मागता येतो. त्यासाठी कराची पक्की पावती लागते. सहलीच्या पॅकेजवर भारतात कापला जाणारा टीसीएस हा खर्च नव्हे. योग्य पॅन क्रमांक दिला असेल तर तो विवरणपत्रात जमा धरला जातो.

वेळ उरला तर दरबानकडे जावे. तेथे १८६० पासून भारतीयांची वस्ती आहे आणि शाकाहारी जेवणाची चिंता राहत नाही. शहराजवळ गांधीजींची फिनिक्स वसाहत आहे. याच देशातून गांधीजींनी १८९४ मध्ये श्रीमद् राजचंद्रांना धर्मविषयक सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले होते आणि १९१२ मध्ये पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले भारतीयांची स्थिती पाहण्यासाठी येथे येऊन गेले. आजींना सिंहापेक्षा हीच माहिती अधिक रुचली.

सिंह मात्र दिसला, तिसऱ्या दिवशी सकाळी, डांबरी रस्त्यावर पहुडलेला. नवकारसीची वेळ होऊन गेली होती, पण डबा उघडण्याचे भान कोणालाच राहिले नाही. त्या संध्याकाळी जेवण साडेचारला उरकले. सूर्य मावळल्यावर आजी घराच्या ओसरीवर प्रतिक्रमणाला बसल्या. कुंपणापलीकडून डरकाळी ऐकू आली, तेव्हा नातू आत पळाला. आजींनी आसन सोडले नाही.