उघड्या टपाच्या जुन्या गाडीचा सौदा

अचलपूर-परतवाड्यात उघड्या टपाची जुनी विलायती गाडी विकायची म्हटली की पहिला प्रश्न किमतीचा निघतो. खरा प्रश्न टपाचा आहे.

ट्रायम्फ हेराल्ड घ्या. १९६१ पासून ही गाडी मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावाने बनू लागली. तिची चासी वेगळी, टप बोल्टांवर बसवलेला. टप उतरवला की बंद गाडीही उघडी दिसते! मग मुळात उघडी आलेली आणि मागाहून उघडी केलेली, दोन्हींचा भाव एक कसा? थानातला ऐब आपण उलगडताना दाखवतो, तसा हाही आधीच सांगावा. जाणते गिऱ्हाईक रंगाला भुलत नाही. दार नीट बसते का पाहते, वाकून चासीचा गंज पाहते.

कागदांचेही तेच. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी होते. मात्र चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी विकल्यास ९० दिवसांत दोघांनीही परिवहन खात्याला कळवायचे असते. बयाणा घेण्यापूर्वी आरसी बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवून घ्या.

टपाचे कापड फाटके असले तर भाव फार पाडू नका. कापड नवे शिवून मिळते, चासी नाही.