घर घेताय? आधी पाणी कोणाचे ते विचारा!

चाळीतली खोली सोडून स्वतःचे घर घ्यावे, असे कोणाला वाटत नाही? आम्हीही भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली, पतपेढीचे कर्ज घेतले, घरातले किडूकमिडूक मोडले आणि शहराबाहेर दोन खोल्या घेतल्या. बिल्डरने चकचकीत फरशी दाखविली, नळही दाखविले. त्या नळाला पाणी कोण सोडणार, हे मात्र आम्ही विचारले नाही. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे कागद तपासणारे आम्ही, स्वतःच्या घराच्या कागदांवर न वाचताच सही करून बसलो! पुढे अडीच वर्षे टँकर. कर्जाचा हप्ता वेगळा, टँकरची वर्गणी वेगळी. मुलांच्या शिकवणीचे पैसे त्यात गेले. आमची ठेच आपल्या बंधू-भगिनींना शहाणपण देवो, म्हणून हे लिहीत आहोत.

पाणी आणि वीज देणारी संस्था हद्दीनुसार बदलते. मुंबईत पाणी महापालिकेचे. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे. डोंबिवलीच्या निवासी विभागात एमआयडीसीचे. कल्याण-बदलापूरकडे वीज महावितरणची. गावाच्या हद्दीत पाणी ग्रामपंचायतीच्या योजनेचे असते, आणि नव्या इमारतींना पुरेल इतके तिच्याकडे असतेच असे नाही. म्हणून जागा कोणाच्या हद्दीत आहे, हा पहिला प्रश्न. जोडणी मंजूर आहे काय, हा दुसरा. 'लवकरच येईल' हे उत्तर नव्हे; मंजुरीचे पत्र पाहावे. शेजारच्या इमारतीतील बायकांना विचारावे. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे त्यांच्याइतके खरे कोणी सांगणार नाही.

तिसरी गोष्ट भोगवटा प्रमाणपत्राची. ते नसेल तर कायमची नळजोडणी अडते. मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना 1997 मध्ये ताबा मिळाला, पण हे प्रमाणपत्र मिळाले नाही. त्यांना मालमत्ता कर 25 टक्के आणि पाणीपट्टी 50 टक्के जादा भरावी लागली. अखेर जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रमाणपत्र मिळवून न देणे ही बिल्डरच्या सेवेतील त्रुटी आहे. ताबा आणि हा निकाल यांत पंचवीस वर्षे गेली! गरिबाने इतका काळ कोर्टाच्या पायऱ्या कशा झिजवाव्यात?

2016 च्या रेरा कायद्याने हे प्रमाणपत्र मिळविण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. ताबा देईपर्यंतची पाणी-विजेची देणीही त्यानेच भरावयाची आहेत. नोंदणीकृत करारापूर्वी त्याला 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ घरांपर्यंतच्या बांधकामाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. स्वस्त घरे पुष्कळदा तेथेच मिळतात, तेव्हा तेथे अधिक जपावे.

जुने घर घेत असाल तर शेवटची वीज व पाण्याची बिले मागा. आधीच्या मालकाची वीज थकबाकी नियमांनुसार नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले आहे.

सही करण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून सारे कागद मोठ्याने वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. एक दिवस उशीर झाला तरी चालेल. आयुष्याची पुंजी टँकरमध्ये जाता कामा नये.