तारपकऱ्याचा दम

उन्हाळ्यात तारपा वाजवायचा तर ऊन कलल्याशिवाय तो घराबाहेर काढत नाहीत. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा असे या वाद्याचे भाग मधमाशीच्या मेणाने जोडलेले असतात, आणि तलासरीतलं चैत्र-वैशाखाचं ऊन ते मेण मऊ करायला पुरेसं असतं. सांधा सैल झाला की हवा निसटते आणि सूर बसत नाही. म्हणून दिवसभर तारपा घरातल्या कुडाला, सावलीत टांगलेला.

तसा उन्हाळा हा तारप्याचा हंगाम नव्हे. तारपा भाताचा. भादव्यात नवं भात दिसू लागतं, तेव्हापासून दिवाळीपर्यंत वारली पाड्यांवर रात्री त्याच्याच. उन्हाळा लग्नांचा, त्यात लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी, ढोल आणि अलीकडे बेंजो. पण चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते, डहाणू-तलासरीतली माणसं रात्र-रात्र बाहेर असतात, शाळांना सुट्टी लागते, पाहुणे येतात. अशा दिवसांत कुणी आग्रह धरला की कापणी झालेल्या मोकळ्या शेतात तारपा घुमतो. मी तलासरीतल्या एका पाड्यावर बसून पाहिलं ते अशाच एका संध्याकाळी.

नाचाआधी बराच वेळ जातो तो तारपा लावण्यात. तिथल्या तारपकरी बाबांनी तो मांडीवर आडवा घेतला. भोपळ्याला वरच्या बाजूने फुंकायचं भोक, आणि दुसऱ्या टोकाला शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन नळ्या. प्रत्येक नळीच्या भोपळ्यातल्या टोकाला बांबूचीच एक पातळ जीभ असते; फुंकेने ती थरथरते आणि आवाज होतो. सगळी करामत तिथे. बाबांनी नळ्या सोडवून बाहेर काढल्या, एक नळी तोंडात धरून नुसती वाजवून पाहिली आणि मान हलवली. जिभेच्या टोकावर मेणाचा मोहरीएवढा ठिपका लावला, पुन्हा फुंकलं, नखाने त्यातलं थोडं खरवडलं, पुन्हा फुंकलं. मेण वाढलं की जीभ जड होते आणि सूर खाली उतरतो, काढलं की वर चढतो. दोन्ही नळ्या जुळेपर्यंत हेच चाललं. मग बोटांनी मळून मऊ केलेलं मेण सांध्याभोवती दाबून बसवलं. भोवतीची पोरं गप्प राहून पाहत होती. त्यांतल्या दोघांना कुठे किती मेण लागतं हे आधीच ठाऊक होतं.

भोपळाही वाटेल तो चालत नाही. लांब मानेचा, जाड सालीचा दुधी वेलावरच पुरता वाळू देतात, मग कोरून बिया काढतात. कर्ण्यासाठी ताडाची पानं एकावर एक गुंडाळत, तोंडाकडे रुंद करत नेतात. असं वाद्य हातात घेतलं की अगदी हलकं लागतं, आणि ते वाजू लागलं की शेताच्या पलीकडच्या पाड्यावर ऐकू जातं.

वाजवणं हे मुख्यतः श्वासाचं काम. तारप्याचा आवाज मध्ये तुटत नाही. बाबांचे गाल फुगतात, गालांतली हवा भोपळ्यात ढकलली जात असतानाच ते नाकाने पुढचा श्वास घेतात. जवळ बसलं तर नाकपुड्यांची हालचाल दिसते, गळ्याची शीर ताठलेली दिसते, पण सुरात त्याची खूण सापडत नाही. स्वर मोजकेच, आणि त्यांवर बोटं फिरत राहतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे एकसुरी वाटेल. थोडं थांबलं की कळतं, एक वळण परत परत येताना त्यात कुठे एक स्वर लांबतो, कुठे गळतो.

तो लांबलेला स्वर नाचणाऱ्यांच्या पायांना कळतो. एकमेकांच्या कमरेला हात घालून बायका-पुरुषांची साखळी तयार होते. पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी. ती तो जमिनीवर आपटत ताल देतो. साखळी तारपकऱ्याभोवती फिरते आणि त्याच्याकडे पाठ करत नाही. तो वळला की साखळी वळते. त्याने चाळा बदलला, म्हणजे चाल बदलली, की पाय बदलतात. कुणी ओरडून सांगत नाही. त्या संध्याकाळी एकदा चाळा बदलला तेव्हा शेवटच्या दोन मुली चुकल्या आणि मधल्या आजीने त्यांना नुसत्या कमरेच्या हिसक्याने तालात आणलं.

हे चित्र महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळालेले चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, आणि त्यांनी काढलेल्या तारपा नाचाच्या वेटोळ्याच्या नकला आज साड्यांवर नि कपांवर सर्वत्र दिसतात. चित्र इतकं पसरलं, आवाज मात्र मागेच राहिला, याचं मला वाईट वाटतं. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेक शहरी मराठी माणसांनी तारपा प्रथमच कान देऊन ऐकला असेल. धिंडा यांनी आयुष्यभर हेच वाद्य घडवलं आणि वाजवलं.

असंच मेणाचं वाद्य दूरवरही आहे: कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर गाइता नावाची लांब बासरी वाजते. निवडुंगाची नळी, तिचं डोकं मेण आणि कोळशाच्या भुकटीचं, फुंकायला पिसाची दांडी. तिथेही उघड्यावर वादक मध्ये असतात आणि कुंबिया नावाचा नाच नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. तिकडचे वादक आज जगभरच्या महोत्सवांत जातात, म्हणून तारप्याने परगावी जाण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मंचाला. मंचावर तारपकऱ्याला माइकसमोर खिळवतात, नाचणाऱ्यांना प्रेक्षकांकडे तोंड करून ओळीत उभं करतात आणि दहा मिनिटांत आटपायला सांगतात. तारपकरी चालला नाही तर साखळीला वाट कोण दाखवणार? कर्णा फिरतो तसा आवाजही फिरतो, कधी तुमच्यावर येतो, कधी दूर जातो. एका जागचा माइक त्यातलं किती पकडणार? आणि दहा मिनिटांत एक चाळाही अंगात भिनत नाही.

आयोजकांनी मोकळं मैदान द्यावं, मध्ये जागा सोडावी, लोकांना भोवताली जमिनीवर बसवावं. दोन तारपकरी बोलवावेत, म्हणजे एकाला दम लागला की दुसरा उचलेल, आणि बिदागी दोघांनाही पूर्ण द्यावी. वेळ संध्याकाळी उशिराची ठेवावी, मेणासाठी आणि माणसांसाठीही. पाड्यावर हे सगळं न सांगता होतं. त्या रात्री बाबा दमले तेव्हा साखळी न थांबवता पुतण्या मध्ये शिरला आणि त्याने तोच चाळा आपल्या तारप्यावर पुढे नेला. बाबा बाजूला येऊन पाणी प्यायले आणि थोड्या वेळाने आजीशेजारी साखळीत जाऊन नाचू लागले.