रोवणीच्या हंगामात कॉलेजची फी

भंडारा जिल्ह्यात बारावीनंतरचे प्रवेश आणि धानाची रोवणी एकाच सुमारास येतात. जून-जुलैत घरातला रोख पैसा बियाणे, खत, चिखलणी आणि रोवणीच्या मजुरीत जातो. धान कापून, मळून, आधारभूत केंद्रावर मोजून चुकारे हाती यायला डिसेंबर उजाडतो, कधी त्याहून उशीर होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज पावसाळ्यात भरला तरी पैसे बहुधा दुसऱ्या सत्रात येतात. म्हणून लाखांदूरच्या किंवा मोहाडीच्या मुलीने नागपूरला शिकायचं ठरवलं, तर वर्षाचा एकूण खर्च काढून भागत नाही. कोणत्या महिन्यात किती लागेल आणि त्या महिन्यात पैसा कुठून येईल, हे आधी मांडावं लागतं.

आधी कागद, मग खातं

उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन क्रीमी लेअर, हे सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून काढता येतात. निकालानंतर तिथे गर्दी उसळते, म्हणून बारावी सुरू असतानाच ते काढून ठेवावेत. जात पडताळणीला सर्वांत जास्त वेळ लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल, तर तो अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत करावा.

खातं उघडताना बँकेत ‘बेसिक सेव्हिंग्ज’ खातं मागा. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि एटीएम कार्ड मोफत मिळतं. पुढची गोष्ट मात्र नीट समजून घ्या. खात्याच्या केवायसीला आधार जोडणं वेगळं आणि शासनाचे पैसे जमा होण्यासाठी ते जोडणं वेगळं. शिष्यवृत्ती तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. या दुसऱ्या प्रकारे आधार शेवटी ज्या बँकेत जोडलं असेल, तिथे ती जाते. आपलं आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलेलं आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. अर्जाआधी ते पाहून घ्या.

फीची सवलत आणि राहण्याचा भत्ता

शुल्काच्या बहुतेक योजनांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज होतो. अनुसूचित जाती-जमातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क प्रतिपूर्ती योजना आहे, तिची मर्यादा ८ लाख. २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा.

राहण्याच्या सोयीसाठी पहिला अर्ज शासकीय वसतिगृहाचा करा. तिथे राहणं आणि जेवण दोन्ही मोफत असतं. प्रवेश मिळाला नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयं आणि ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नागपूरसारख्या मोठ्या शहरात स्वाधार किंवा आधारमधून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आकडा मोठा वाटतो, पण दहा महिन्यांच्या शैक्षणिक वर्षावर वाटला की नागपुरात महिन्याला ६ हजार आणि भंडाऱ्यात ४ हजार ३०० होतात. या रकमेत खोली, जेवण आणि किरकोळ खर्च बसवायचा असतो.

शिष्यवृत्ती खात्यात आली की तिचे दोन भाग ओळखा. शुल्काचा भाग कॉलेजचा असतो, तो त्याच आठवड्यात भरून पावती घ्या. निर्वाह भत्त्याचा भाग तुमचा. शुल्काचे पैसे खोलीभाड्यात गेले, तर परीक्षेच्या अर्जाच्या वेळी सगळं अडतं.

रोज ये-जा की खोली?

वरठीचं भंडारा रोड स्थानक हावडा-मुंबई मार्गावर आहे आणि नागपूर तिथून सुमारे ६० किलोमीटर. रेल्वे मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते. पदवीच्या मुलांना मासिक पासावर ५० टक्के सवलत असते. प्राचार्यांचं प्रमाणपत्र घेऊन स्थानकावर जा आणि पास कोणत्या गाड्यांत चालतो तेही विचारून घ्या. एसटीच्या विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांशच भरायचा. लाखनी, पवनी, तुमसर किंवा साकोलीत कॉलेज असेल, तर हा पास खोलीपेक्षा नक्कीच स्वस्त पडतो.

खोली घ्यावीच लागली तर तिघांनी मिळून घ्या. डिपॉझिट केव्हा परत मिळेल आणि विजेचं बिल कसं आकारलं जाईल, हे कागदावर लिहून घ्या. तांदूळ घरचा आणला की खर्चाचा मोठा भाग सुटतो. ५ किलोचा गॅस सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. पुस्तकं आधी ग्रंथालयात शोधा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलले आहेत, म्हणून सिनियरकडून जुनं पुस्तक घेण्याआधी ते शिक्षकांना दाखवा.

मधले पाच महिने

समजा, महिन्याला ६ हजार लागतात. जुलै ते नोव्हेंबर मिळून ३० हजार होतात, आणि नेमका हाच काळ घर आणि शासन दोन्हीकडून पैसा न येण्याचा. ही रक्कम प्रवेशाआधी उभी करायची आहे. उन्हाळी धान किंवा दुधाचे पैसे असतील, तर त्यातला वाटा मे महिन्यातच बाजूला काढा. कॉलेजात फीचे हप्ते पाडून मागायला संकोच करू नका. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून पूर्ण शुल्क आधीच घेऊ नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नका. कर्ज लागणारच असेल, तर बँकेचं शैक्षणिक कर्ज पाहा. ४ लाखांपर्यंत त्याला सहसा तारण लागत नाही आणि हप्ते साधारण शिक्षण संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात.

शेवटी एका वहीत जून ते मे असे बारा रकाने आखा. प्रत्येकात खर्च लिहा, येणारा पैसा लिहा आणि ती वही आईबाबांसमोर बसून भरा. ज्या महिन्याचा रकाना उणा दिसतो, त्याची तजवीज त्या बैठकीतच करता येते. शेतीचा हंगाम आईबाबा कित्येक वर्षं असाच आगाऊ आखत आले आहेत. शिक्षणाचा हंगामही त्यांच्यासोबत आखा, म्हणजे पैशाअभावी सत्र अर्धवट सोडण्याची वेळ येणार नाही.